पार्ट टू आला की हिरो सगळं विसरतो का?

राम राम मंडळी. पंख्याचा आवाज येतोय माहितीये, पण मे महिन्यात जळगावात पंखा बंद करून व्हिडिओ काढायची माझ्यात हिंमत नाही, तेव्हा ऐकून घ्या.

तर मागच्या व्हिडिओखाली बऱ्याच जणांनी एकच विचारलंय, भाऊ, ॲनिमेशनवाल्या पिक्चरचे पार्ट टू पहिल्याच्या तोडीचे असतात का? एकाने तर लिहिलंय, "भो, कार्टून बघायचं वय राहिलं का तुझं?" नाही राहिलं. तरी बघतो. पुढे चला.

पार्ट टू का काढतात यावर वेळ घालवत नाही. पैसा. झालं.

माझं दुखणं वेगळंय. पहिल्या भागात हिरो दीड तास रडून-पडून काहीतरी शिकतो आणि दुसऱ्यात कोराच्या कोरा परत येतो! 'फाइंडिंग निमो' 2003 चा, त्यात मार्लिन, म्हणजे निमो माशाचा बाप, शेवटी एवढंच शिकतो ना की पोराला जरा मोकळं सोडावं, घाबरत बसू नये. 2016 ला 'फाइंडिंग डोरी' आला आणि हा बाबा परत तसाच कावराबावरा, वर त्या बिचाऱ्या डोरीला तिच्या विसरण्यावरूनच टोचून बोलतो. अरे, विसरायचा आजार तिला आहे का तुला?

आता उलटं बघा. 'कुंग फू पांडा 2', 2011. पो हा पांडा कुंग फू शिकलाय, ते परत शिकत नाही. प्रश्नच नवा आहे, की माझा बाप हंस कसा? आपण पहिल्या भागात त्यावर नुसते हसलो होतो, आणि इथे आई त्याला मुळ्याच्या क्रेटमध्ये लपवून स्वतः शत्रूला दुसरीकडे ओढत पळते. हसण्यावारी नेलेल्या गोष्टीचं रडू केलं, याला म्हणतात पार्ट टू.

तरी कळलं नसेल तर शेवभाजी घ्या. कालचा रस्सा आज जास्त लागतो का नाही? लागतो. पण शेव ताटात वाढतानाच टाकायची, रात्रीच टाकून ठेवली तर सकाळी लगदा. रस्सा म्हणजे जुनी पात्रं, शेव म्हणजे त्यांच्यापुढची नवी अडचण. इथे लगदा वाढतात आणि आपण तिकीट काढून खातो.

हां, एका दादाची कमेंट, की 'मोआना 2' आधी सिरीज म्हणून सुरू झाला होता म्हणून तुकडे तुकडे वाटतो. दादा, तुकडे वाटतात हे मान्य, पण 'टॉय स्टोरी 2' पण आधी थेट व्हिडिओ कॅसेटवर काढायचा बेत होता, आणि 1999 ला थिएटरात आला तर काय आला! जेसी ही बाहुली वर्षानुवर्षं पलंगाखाली धूळ खात पडलेली, एक दिवस पोरगी तिला उचलते, जेसीला वाटतं परत खेळायला नेतेय, आणि ती दान द्यायच्या खोक्यात. आणि वूडी या खेळण्याला ठरवायचंय, म्युझियमच्या काचेत कायमचं राहू का आपल्या मालकाकडे, मोठ्या होणाऱ्या अँडीकडे परत जाऊ. हा प्रश्न पहिल्या भागात नव्हताच.

आता माझीच पंचाईत सांगतो. 2024 ला भाचीला घेऊन 'इनसाइड आउट 2' ला गेलो, थिएटरचं नाव घेत नाही पण एसी इंटरव्हलनंतर गेला तो गेलाच. त्यात रायली नावाच्या पोरीच्या डोक्यातल्या भावना हीच पात्रं. त्यातली जॉय, म्हणजे आनंद, परत तेच करते, वाईट आठवणी उचलून रायलीच्या डोक्यात पार मागे फेकून देते. मी म्हटलं, बघ, पहिल्या भागात सॅडनेसची, म्हणजे दुःखाची, किंमत कळली होती ना हिला, विसरली! भाची म्हणे, "मामा, आई पण दर परीक्षेच्या आधी म्हणते, टेन्शन नको घेऊ, मार्कांचं काही नाही. आणि निकालाच्या दिवशी? ती पण दर वेळी विसरते."

पुढचा अर्धा तास मी गप्प पॉपकॉर्न खाल्ले. आणि हॉकीच्या मॅचमध्ये रायली बाहेर एकटी बसलेली, छाती धडधडतेय, हात बाकाला घट्ट, आत अँग्झायटी, म्हणजे चिंता, वावटळीसारखी फिरतेय आणि तिला स्वतःलाच थांबता येत नाहीये, तेव्हा भाचीने माझं मनगट धरलं ते सोडलंच नाही.

म्हणजे माझा नियम तिथे फसला. पण मार्लिनला मी माफ करणार नाही, खाली कितीही भांडा. आणि "अहिराणीत बोला" वाले, पुढचा व्हिडिओ तुमचाच. लाइट जायच्या आत अपलोड करतो, चला.