पाणी वडता हा

हा मालवणजवळच्या देवबागचा किनारा. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्ली नदी, आणि मधे माडांची नि घरांची ही एवढीशी पट्टी. कोजागिरी होऊन तीन दिवस झालेत, संध्याकाळचे पाच वाजलेत, लाटा तर अशा की लहान पोरानेही खेळावं. आम्ही चौघं टॉवेल खांद्यावर टाकून निघालो, तर ज्यांच्याकडे उतरलोय त्या काकी पडवीत भात पाखडता पाखडता ओरडल्या, "आता खंय चाललास रे? पाणी वडता हा!" म्हणजे पाणी आत ओढतंय.

काकींकडे ॲप वगैरे काही नाही, भिंतीवर कालनिर्णय आहे. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ, बस. आज तृतीया, तीन पाऊण सव्वादोन. म्हणजे सव्वादोनला भरती फुल, तास-अर्धा तास इकडेतिकडे, आणि मग सहा तास ओहोटी. त्यात पुनवेचं उधाण अजून उतरलेलं नाही, त्यामुळे पाणी जितकं वर चढलं तितकंच जोरात मागे जाणार, आणि इथे संगमाजवळ नदीसुद्धा त्याच वेळी समुद्रात रिकामी होत असते.

तिकडे बघा. दोन्हीकडे लाटा फुटतायत, फेस आहे, आणि मधेच एक शांत, गुळगुळीत पट्टा. पर्यटक नेमका तिथेच उतरतो, का तर तिथे लाट नाही. अहो लाट नाही कारण किनाऱ्यावर आलेलं पाणी तिथूनच परत आत जातंय. सापडलात तर किनाऱ्याकडे तोंड करून हातपाय मारत बसू नका, पट्टीचे पोहणारेही असेच दमून बुडतात. उताणे तरंगा, हात वर करून ओरडा, आणि दम असेल तर किनाऱ्याला समांतर पोहत त्या पट्ट्यातून बाहेर पडा. दारू पिऊन उतरणाऱ्यांबद्दल मी काय बोलू, दर सुट्टीत पेपरात वाचतोच आपण.

उथळ पाण्यातही पाय उचलून टाकू नका, वाळूत घासत घासत चाला. वाळूखाली पाकट नावाचा चपटा मासा, पाकट बसलेलं असतं, पाय पडला की शेपटीचा काटा मारतं. माझ्या मावसभावाला लागला होता, मोठा माणूस पण रडायचा बाकी होता. सोसेल एवढ्या गरम पाण्यात पाय बुडवून ठेवला तेव्हा कळ कमी झाली, मग डॉक्टरकडे नेला, कारण काट्याचा तुकडा आत राहू शकतो.

ऑक्टोबरचं ऊन वेगळंच प्रकरण आहे. हवेत दमटपणा इतका की घाम येतो पण सुकत नाही, म्हणजे अंग गारच होत नाही. शहाळं, कोकम सरबत, पेज, जे मिळेल ते पीत राहा. पोट बिघडलं तर ओआरएस, पाकीट नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर नि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा हां.

आता खरी गोष्ट. रील काढायला आपण भाताच्या खाचरात अनवाणी उतरतो ना, तिथे उंदरांचं, गुरांचं मूत पाण्यात मिसळलेलं असतं, आणि पायाला चीर असेल तर लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिसचा जंतू, तिथून आत शिरतो. ताप लगेच येत नाही, बहुतेक वेळा पाच ते चौदा दिवसांनी, म्हणजे तुम्ही केव्हाच ठाण्या-पुण्याला पोचलेले असता. ताप, लाल डोळे, पोटऱ्या अशा दुखतात की हात लावू देत नाही. डॉक्टरला वाटतं व्हायरल, आणि तुम्ही कोकणातल्या चिखलाचं बोलतच नाही. बोला! वेळेत कळलं तर साध्या अँटिबायोटिकने बरा होतो, नाहीतर किडनीवर जातो.

अंधार पडला की बॅटरीशिवाय बाहेर पाय नाही. हा जांभ्याचा गडगा बघा, म्हणजे दगडी कुंपण, याच्या फटीत फुरसं नावाचा विषारी साप बसतो, फुरसं म्हणजे वीतभर ते हात-दीड हात, अंगाला अंग घासून खरखर आवाज करतं. चावलं तर बांधायचं नाही, कापायचं नाही, चोखायचं नाही, पाय न हलवता 108 ला फोन आणि सरळ सरकारी हॉस्पिटल. नाग, मण्यार, घोणस, फुरसं, चौघांवर एकच लस चालते. विंचू चावला तरी सरळ हॉस्पिटलच, लाल विंचू साधा समजू नका, तो हृदयावर जातो. प्राझोसिन नावाचं ब्लडप्रेशरचं औषध त्यावर चालतं हे जगाला दाखवलं ते आपल्या महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी, 2022 ला पद्मश्री मिळाली त्यांना. लोक अजून मंत्र टाकणाऱ्याकडे नेतात तो भाग वेगळा.

तर त्या संध्याकाळी आम्ही पाण्यात गेलो नाही, पडवीत बसून शेंगा सोलल्या. रात्री काकींनी बोटांवर हिशोब केला, उद्या चतुर्थी, चार पाऊण तीन, म्हणजे सकाळी नऊनंतर पाणी भरायला लागेल. "तेव्हा जावा," म्हणाल्या, "पण घरासमोरच, संगमाकडे नको." आणि आत जाता जाता, "उद्या संकष्टी हा, मासे नाय गावूचे."