मगरीची जीभ, माकडाचा हात

नमस्कार. एवढ्या पावसात सदाशिव पेठेत इतके जण आलात म्हणजे गाडी लावायला जागा मिळाली असणार, त्याबद्दल आधी अभिनंदन.

माकड आणि मगरीची गोष्ट तुम्हाला पाठ आहे, परत सांगत नाही. पंचतंत्राच्या चौथ्या तंत्रात, लब्धप्रणाशमध्ये आहे ती. मला वाटलं होतं 12 पानांचं कॉमिक, महिन्याभरात उरकेल. सात महिने लागले, कारण तोंडी सांगताना आपण जे जे खपवून नेतो ना, ते चित्रात खपत नाही.

आता पहिलीच गंमत. संस्कृतात मकर तो, म्हणून त्याला बायको. मराठीत मगर ती! मी फुग्यात ‘मगरीची बायको’ लिहिलं आणि भाचीने विचारलं, मामा, मग हिचा नवरा कुठे गेला? शेवटी मूळ नावंच घेतली, करालमुख आणि रक्तमुख. पण रक्तमुख म्हटल्यावर माझीच पंचाईत, कारण स्केचबुक भरलं होतं काळ्या तोंडाच्या वानरांनी, ती लांब शेपटी काढायला मजा येते म्हणून. तोंड तांबडं म्हणजे माकडच पाहिजे. पंधरा दिवसांची स्केचेस बाद.

मगर बघायला कात्रजच्या प्राणिसंग्रहालयात गेलो. डोक्यात फ्रेम पक्की होती: जांभळं खाऊन करालमुखाची जीभ जांभळी झालीय आणि तो ती लांब बाहेर काढून बायकोला दाखवतोय. कॉमिक काळंपांढरं, रंग एकच, जांभळा, म्हणजे त्या फ्रेमवर माझा केवढा जीव होता बघा. दोन तास कठड्याशी उभा, मगर आ वासून ढिम्म पडलेली, आणि जीभ बघतो तर खालच्या जबड्याला चिकटलेली. मगरीला जीभ बाहेर काढताच येत नाही हो! आणि ते तोंड उघडं टाकून पडणं असतं अंगातली उष्णता कमी करायला. मग तेच घेतलं, तो नुसता आ करतो, आत सगळं जांभळं, आणि बायको त्याच्या तोंडात वाकून बघतेय. आधीपेक्षा बरी जमली, मीच सांगतो.

लेटरिंगबद्दल एकच, आधी अक्षरं लिहा, मग त्याभोवती फुगा काढा. आपल्या लिपीला वर वेलांटी, खाली उकार, ओळींमध्ये जागा सोडावीच लागते, माझा ‘हृदय’मधला ऋकार दोनदा खालच्या ओळीत घुसला. आणि जुलैत कागद दमट असतो, निबची रेघ फुटते, मी कागद टेबल लॅम्पखाली शेकून घ्यायचो, पापडासारखा.

खरं अडलं ते नदीच्या मधोमध. करालमुख सांगून टाकतो की बायकोला तुझं काळीज हवंय, आणि रक्तमुख म्हणतो, अरे मग तिथेच सांगायचंस ना, ते तर मी जांभळाच्या ढोलीत ठेवतो. वाचताना दोन वाक्यं. पण त्या दोन वाक्यांच्या मध्ये तो घाबरलाय, थाप शोधलीय आणि चेहरा सरळही ठेवलाय, हे सगळं एका तोंडावर कसं काढणार? नऊ वेळा काढलं. भीती आली की लबाडी जाते, लबाडी आली की वाटतं याला आधीपासूनच सगळं ठाऊक होतं.

मग एकदा आईला स्कूटरवर मागे बसवून चाललो होतो, रस्ता खणलेला, खड्डे, आणि ती एकदम शांत आवाजात म्हणतेय, ‘सावकाश रे, काही घाई नाहीये’, आणि बोटं माझ्या खांद्यात अशी रुतलेली की रात्री वळ दिसत होते. घरी येऊन आधी चेहरा खोडला. आता त्या फ्रेममध्ये चेहराच नाहीये, मगरीच्या पाठीचे दोन खवले आणि त्यांना घट्ट धरलेला माकडाचा हात, बस. बोलणं चौकटीबाहेरून येतं, अगदी निवांत.

ते पान आणलंय, ए-थ्रीवर आहे, छापताना ए-फोर केलं. फिरवतो, पण बाहेर वडे खाऊन आलेल्यांनी आधी हात पुसा. आणि करंगळीपाशी पांढरा पोस्टर कलर दिसेल, तिथे सहावं बोट होतं.