आधी थांबवायची सोय
(नाशिकमध्ये दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार. समोर बसलेल्यांपैकी बरेच जण सातपूर-अंबडच्या कंपन्यांतले आहेत असं आयोजक म्हणाले, तेव्हा बरं वाटलं. आज बोलायचं आहे ते मोठ्या वैज्ञानिक प्रयोगांच्या नियंत्रण यंत्रणांबद्दल, त्यामुळे पीएलसी म्हणजे काय इथपासून सुरुवात करायला नको. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी एवढंच: पॅनलमध्ये बसवलेला छोटा संगणक, तो सेन्सर वाचतो आणि मोटरी, व्हॉल्व्ह चालू-बंद करतो. जिनिव्हाजवळ सर्न या कणभौतिकीच्या प्रयोगशाळेत लार्ज हेड्रॉन कोलायडर आहे, म्हणजे अणूतल्या प्रोटॉन कणांचे झोत एकमेकांवर आदळवणारं यंत्र. झोत वळवणारे त्याचे चुंबक उणे २७१ अंश सेल्सिअसला ठेवायला लागणारी हेलियमची यंत्रणा अशाच, बाजारात मिळणाऱ्या पीएलसींवर चालते.

मग कारखाना आणि प्रयोग यांत फरक कुठे? कारखान्यात एकदा लाइन बसली की वर्षभर तोच माल निघतो. प्रयोगात आजचा निकाल पाहून उद्याचं ठरतं. उपकरणं बदलतात, माणसं बदलतात, एक भाग एका देशात बनतो तर दुसरा दुसऱ्या. म्हणून लॉस अलामॉस आणि अर्गोन या अमेरिकी प्रयोगशाळांनी मिळून एपिक्स नावाचं सॉफ्टवेअर उभं केलं. त्यात प्रत्येक तापमानाला, प्रत्येक व्होल्टेजला स्वतःचं नाव असतं, आणि जाळ्यावरचा कुठलाही संगणक त्या नावाने चौकशी करू शकतो. आपल्याकडे नाशिकहून पुण्याला जाताना नारायणगाव लागतं. तिथून आत खोडदला ४५ मीटर व्यासाच्या ३० डिशची रेडिओ दुर्बीण आहे, आणि तिच्या काही डिश पार लांब, वेगवेगळ्या गावांच्या शिवारात उभ्या आहेत. त्या सगळ्या एका वेळी आकाशातल्या एकाच बिंदूकडे वळवायच्या म्हणजे असंच काहीतरी लागणार.

पण चालवण्याची ही बाजू मी झटकन उरकतो. मला बोलायचं आहे ते थांबवण्याबद्दल. कुठलीही नियंत्रण यंत्रणा दाखवायला आणली की मी पहिल्यांदा विचारतो, ही थांबते कशी, आणि तिचं थांबणं कोण बायपास करू शकतं?

कोलायडरचा बोगदा २७ किलोमीटरचा. प्रोटॉनचा झोत त्यात सेकंदाला अकरा हजारांहून जास्त फेऱ्या मारतो. मूळ आराखड्याप्रमाणे एका झोतात ३६२ मेगाज्यूल ऊर्जा असते. अर्धा टन तांबं वितळवायला तेवढी पुरते. हा झोत वाट चुकला तर काही मिलिसेकंदांत चुंबकांचं नुकसान होईल. ऑपरेटरने स्क्रीन बघून बटण दाबायचा प्रश्नच येत नाही.

म्हणून वर्तुळाभोवती ऑप्टिकल फायबरमधून एक सिग्नल सतत फिरता ठेवलेला असतो. तो फिरतोय तोवर झोताला परवानगी. चुंबकाचा वीजपुरवठा असो, व्हॅक्यूमची झडप असो की झोतातून निसटणारे कण मोजणारे हजारो मॉनिटर, कुणीही तक्रार केली की ती कडी तुटते, सिग्नल नाहीसा होतो आणि तीन फेऱ्यांच्या आत झोत बाहेर काढला जातो. फायबर तुटली किंवा वीज गेली तरी परिणाम तोच. कसाऱ्याच्या घाटात उतरणाऱ्या गाडीचे ब्रेक असेच असतात: पाइपातल्या हवेच्या दाबाने ते सुटे राहतात, पाइप फुटला की आपोआप लागतात.

बाहेर काढलेला झोत जातो सुमारे आठ मीटर लांबीच्या ग्राफाइटच्या ठोकळ्यात. तो एकाच जागी आदळला तर ठोकळ्याचंही खरं नाही, म्हणून जाता जाता त्याला वळणदार रेघ मारल्यासारखा पसरवतात. शिवाय झोतात मुळातच तीन मायक्रोसेकंदांची मोकळी जागा राखलेली असते, कारण त्याला बाहेर वळवणाऱ्या चुंबकांना पूर्ण जोर धरायला तेवढा वेळ लागतो. थांबण्यासाठीची जागा मूळ डिझाइनमध्येच धरलेली आहे, हे मला फार आवडतं.

आता बायपास. रात्रपाळीला इंटरलॉक, म्हणजे धोका दिसताच मशीन थांबवणारी सोय, सारखा ट्रिप होतो, डिस्पॅच अडकलाय, मग कुणीतरी जंपर टाकतो, म्हणजे इंटरलॉकला वळसा घालणारी तार. सकाळी काढू म्हणतो. तो जंपर सहा महिन्यांनी सापडतो! हसताय म्हणजे पाहिलेला आहे. सर्नमध्येही काही इंटरलॉक तात्पुरते झाकता, म्हणजे बायपास करता येतात, नाहीतर यंत्र जुळवताच येणार नाही. पण झोत इतका क्षीण हवा की सुटला तरी नुकसान होऊ नये. झोताची तीव्रता किंवा ऊर्जा ठरावीक मर्यादेपलीकडे गेली की झाकण आपोआप गळून पडतं. कुणी लक्षात ठेवून काढायची गरजच नाही.

एवढं असूनही अपघात झाला. १० सप्टेंबर २००८ला पहिला झोत फिरला, आणि १९ तारखेला, झोत नसताना, चुंबकांत विद्युतप्रवाह वाढवण्याची चाचणी चालू असताना दोन चुंबकांमधला एक जोड निकामी झाला. ठिणगीने हेलियमचं आवरण भोसकलं, सुमारे सहा टन हेलियम निसटलं, चुंबक जागचे हलले. यंत्र पुन्हा सुरू व्हायला नोव्हेंबर २००९ उजाडला. चुंबकांवर पहारा होता. जोडांवर मात्र तो पुरेसा बारीक नव्हता. नंतर तिथे कितीतरी जास्त संवेदनशील मापन बसवलं. मोजलंच नाही त्यावर इंटरलॉक कसला लावणार?

लायगोचं दुखणं वेगळं. गुरुत्वीय लहरी पकडणाऱ्या या यंत्राच्या दोन भुजा चार-चार किलोमीटरच्या. आरशांमधलं अंतर इतकं अचूक धरायचं की लेसरचा प्रकाश आत अनुनादात राहील, म्हणजे आरशांमध्ये येऊन-जाऊन वाढत राहील. याला ते ‘लॉक’ म्हणतात. दूरच्या भूकंपानेही लॉक सुटतो, आणि मग पुन्हा पायरीपायरीने चढायचं. मुख्य इन्फ्रारेड लेसर एकदम पकडता येत नाही, म्हणून आधी हिरव्या लेसरने भुजा धरतात आणि मग सावकाश सूत्रं मुख्य लेसरकडे देतात. गार्डियन नावाचा प्रोग्रॅम हे करतो. ऑपरेटर फक्त कुठल्या अवस्थेत जायचं ते सांगतो, वाट गार्डियन शोधतो. मधे पाय घसरला तर कुठल्या पायरीवर परतायचं हेही आधी लिहिलेलं असतं. हिंगोली जिल्ह्यात औंढ्याजवळ लायगो-इंडिया होतंय. २०२३मध्ये केंद्राने त्यासाठी २६०० कोटी मंजूर केले. तिथे कंट्रोलची माणसं लागणार आहेत, विद्यार्थ्यांनी ऐकून ठेवावं.

प्रश्नोत्तरांत एका विद्यार्थिनीने विचारलं, एआय आल्यावर हे सगळं बदलेल का? काही भाग बदललाच आहे. २०२२मध्ये स्वित्झर्लंडमधल्या लोझानच्या टोकामाकमध्ये, म्हणजे प्लाझ्मा हा अतितप्त विद्युतभारित वायू चुंबकांनी धरून ठेवणाऱ्या यंत्रात, चुंबकांच्या १९ कॉइल एकाच न्यूरल नेटवर्कने हाताळून प्लाझ्माला हवा तसा आकार दिला. ते नेटवर्क आधी सिम्युलेटरवर शिकलं होतं. चालवायला ते जरूर ठेवा. थांबवायच्या बाजूला मात्र मला ज्याची प्रत्येक स्थिती तपासून पाहता येते असंच सर्किट हवं.

शेवटचा प्रश्न अंबडच्या एका मेंटेनन्सवाल्या दादांचा: आमच्या पॅनलमध्ये आपोआप गळणारा जंपर बसवता येईल का? येईल. पण टायमर लावू नका, टायमर लोक पुन्हा पुन्हा रिसेट करतात. तो वेगाला बांधा. सीएनसीवर, म्हणजे संगणकाने चालणाऱ्या कटिंग मशीनवर, सेटअप मोडमध्ये दार उघडं ठेवून काम करता, पण स्पिंडल आणि फीड हळू असतात ना? तेच तत्त्व. बायपास चालू असेल तर मशीनने ठरावीक वेगापुढे जायचंच नाही, गेलं तर ट्रिप. प्रॉडक्शनवाले दोन दिवस ओरडतील, मग तेच तुमच्याकडे येऊन मूळ सेन्सर दुरुस्त करायला सांगतील.