पहाटेची पिकअप आणि पांढरा धूर

(दृश्य : अंधार. पत्र्याचं शेड. मोबाईलच्या टॉर्चच्या उजेडात पिकअपचं बोनेट, त्यावर दव.)

पहाटेचे साडेपाच वाजलेत, निफाड तालुका, डिसेंबर संपत आलाय. इकडची थंडी ज्यांनी खाल्ली नाही त्यांना सांगतो, राज्यात कडाका पडला की बातमीत आधी निफाडचं नाव येतं, कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावर पारा मोजतात आणि तो आकडा उजाडायच्या आत सगळ्यांच्या मोबाईलवर फिरलेला असतो. ५-६ डिग्रीचं इथं कुणाला विशेष वाटत नाही. द्राक्षवाले बागेत शेकोट्या पेटवतात, मणी तडकू नयेत म्हणून पहाटे ड्रिप सोडतात, आणि आमचे नाना पिकअपमध्ये बसून सेल्फ मारत बसतात.

(आवाज : सेल्फ फिरतोय. थांबतो. परत फिरतो. इंजिन पकडतं, धडधडतं, बंद पडतं.)

ऐकलंत? हा आवाज आम्ही महिनाभर ऐकतोय. पकडते, थरथरते, सगळी केबिन हलते, मागून डोळ्यात झोंबणारा पांढरा धूर, आणि लगेच गप्प. चार-पाच वेळा असं झालं की मग कशीबशी उभी राहते, तीन सिलेंडरवर चालल्यासारखी, आणि दहा मिनिटांनी अशी शहाण्यासारखी चालते की वाटावं आपणच खोटं बोलत होतो. मागं लाल कांदा भरलेला, लासलगावला नंबर लावायचा, आणि इथं रोजची पंधरा-वीस मिनिटं बॅटरीचा जीव काढण्यात जातात.

गाडी गॅरेजला तीनदा जाऊन आली. पण गॅरेजला पोचेपर्यंत इंजिन तापलेलं असतं ना, तिथं किल्ली फिरवली की अर्ध्या सेकंदात चालू. मग काय, "नाना, स्लो वाढवून देतो," असं म्हणून डिझेल पंपावरचा स्क्रू थोडा फिरवायचा आणि पैसे घ्यायचे. स्लो म्हणजे आयडलिंग हो, अ‍ॅक्सिलरेटरवर पाय नसताना इंजिन जेवढं फिरतं तेवढं. अशा जुन्या डिझेलला साधारण ७५०-८५० आरपीएम पुरतं, नानांची आता हजाराच्या वर गेली होती. गरम झाल्यावर नुसती गुरगुरते, डिझेल पिते, आणि पहाटेचं दुखणं आहे तिथंच.

म्हणून यावेळी वेगळं केलं. गाडी मिस्त्रीकडं न्यायची नाही, मिस्त्रीलाच पहाटे गाडीकडं आणायचं. कानटोपी, मफलर, तोंडातून वाफा, असा तो आला आणि पहिलं काय केलं तर नानांच्या हातातली किल्ली काढून घेतली. "नाना, आता कुणी हात लावू नका, एकदा चालू झाली की माझा आजचा दिवस गेला."

(दृश्य : बोनेट उघडं. इंजिनवर हात ठेवून बघणं, एकदम थंडगार.)

थोडं समजून घ्या, म्हणजे पुढचं कळेल. डिझेल इंजिनला ठिणगी नसते. हवा वीसेक पटीनं दाबायची, ती दाबूनच एवढी तापते की वरून नोझलनं मारलेलं डिझेल आपोआप पेटतं. पण थंडीत सगळं लोखंड गार, सेल्फ हळू फिरतो, दाबलेल्या हवेची गरमी भिंतीच खाऊन टाकतात. म्हणून प्रत्येक सिलेंडरला एक हीटर प्लग असतो, पेन्सिलएवढा, त्याचं टोक काही सेकंदात लालभडक होतं, ८०० डिग्रीच्या पुढं. चार सिलेंडर, चार प्लग. त्यातले दोन मेले तर दोन सिलेंडरमधलं डिझेल न जळताच बाहेर पडतं, तोच तो पांढरा धूर. इंजिन तापलं की प्लगची गरजच उरत नाही, म्हणून गॅरेजमध्ये काही सापडत नाही. (पांढरा धूर तापल्यावरही राहत असेल, रेडिएटरचं पाणी कमी होत असेल, तर ती गोष्ट वेगळी, हेड गॅस्केट (इंजिनच्या हेडखालचं पॅकिंग) बघा. इथं तसं नव्हतं.)

नाना म्हणाले, "अरे पण डॅशबोर्डवर हीटरची लाईट लागते की, आणि विझते पण." लागणारच. या जुन्या गाड्यांमध्ये ती लाईट टायमरवर चालते, प्लग जिवंत आहे का मेला हे तिला काय माहीत.

आधी बॅटरी. मीटर लावला, १२.४ व्होल्ट, सेल्फ मारताना १०.२ पर्यंत उतरली. थंडीत एवढं चालतं, साडेनऊच्या खाली गेली असती तर बाकी काही न बघता आधी बॅटरी आणि अर्थची वायर बघितली असती. म्हणजे बॅटरी सुटली. मग चारही प्लगना जोडणारी पत्र्याची पट्टी असते ती सोडवली, एक टेस्ट लॅम्प घेतला, त्याचं एक टोक बॅटरीच्या प्लसला आणि दुसरं प्लगच्या डोक्यावर.

(दृश्य : जवळून. लॅम्पची सुई पहिल्या प्लगवर.)

लॅम्प पेटला तर प्लग जिवंत. पहिला, पेटला. दुसरा, काही नाही. तिसरा, पेटला. चौथा, काही नाही. बास, वीस रुपयांच्या लॅम्पनं दोन मिनिटांत निकाल. नाना काही बोलले नाहीत, फक्त तंबाखूची पुडी काढली.

आता गंमत बघा, दोष शोधायला इंजिन गार लागतं आणि प्लग काढायला गरम लागतं. वर्षानुवर्षं हेडमध्ये बसलेला प्लग गारठ्यात जोर लावून फिरवला तर तुटून आत राहतो, मग हेड काढा, हजारोंचा खेळ. म्हणून रस्ट ऑइल मारून ठेवलं, बाजारातून आल्यावर तापलेल्या इंजिनवर पाना लावला, दोन्ही अलगद आले. एकाचं टोक फुगलेलं, दुसऱ्याचं झडून गेलेलं. चारही नवीन टाकले, व्होल्ट जुन्याशी जुळवून, कारण दिसायला सारखे असले तरी व्होल्ट वेगळे असतात आणि चुकीचा टाकला की आठवड्यात जातो.

मला वाटलं झालं, व्हिडिओ संपला.

(दृश्य : दुसरी पहाट. तेच शेड.)

दुसऱ्या दिवशी नानांनी किल्ली फिरवली, आणि गाडी पहिल्याच फटक्यात पकडली, चारही सिलेंडर, धूर जवळजवळ नाही, मी कॅमेऱ्यामागून ओरडणारच होतो, तोवर सात-आठ सेकंदात इंजिन वर-खाली करायला लागलं आणि बंद. नानांनी माझ्याकडं असं बघितलं जसं मीच बंद केली.

मिस्त्री मात्र खूश झाला. "आता बरोबर. ही गाडी एअर घेते." त्याचं गणित असं, की पकडायलाच त्रास असेल तर गरमीची भानगड, पण मस्त पकडून काही सेकंदात मरत असेल तर पंपात जेवढं डिझेल होतं तेवढं जळलं आणि मागून हवा आली. आणि मग त्यानं जो प्रश्न विचारला तो मला अजून आवडतो. "नाना, गाडी आधी कुठं लावायचात?"

आधी जुन्या घरापाशी लावायचो, उतारावर, तोंड खाली करून, म्हणजे अडलीच तर ढकलून चालू करता येते. दिवाळीनंतर हे शेड झालं, इथं तोंड चढाला. नाना महिनाभर थंडीला शिव्या देत होते, त्यातली अर्धी शेडला द्यायला पाहिजे होती. टाकी मागं, पंप पुढं. तोंड खाली असलं की डिझेल पंपाकडं टिकून राहतं, तोंड वर असलं आणि डिझेलच्या लाईनला कुठं बारीक चीर असली की रात्रभरात डिझेल टाकीकडं उतरतं आणि त्याच्या जागी हवा शिरते. आणि टाकीपासून पंपापर्यंतची लाईन ओढणारी असते, त्यामुळं चिरेतून हवा आत जाते पण डिझेल बाहेर फारसं येतच नाही. खाली थेंब शोधत बसलात तर सापडणार नाही.

(दृश्य : फिल्टर आणि पंपाच्या मध्ये पारदर्शक नळी. कॅमेरा अगदी जवळ.)

फिल्टर आणि पंपाच्या मध्ये त्यानं वीतभर पारदर्शक नळी टाकली, हँड पंप दाबून एअर काढला, गाडी चालू केली. बघा, पिवळसर डिझेल, आणि त्यात... हे, हे बघा, मोहरीएवढे बुडबुडे, एकामागोमाग एक, मुंग्यांच्या रांगेसारखे. मग मागची एकेक जोडणी हातानं दाबत गेला. फिल्टरला येणाऱ्या रबरी पाइपवरची क्लिप दाबली आणि बुडबुडे थांबले, सोडली की परत सुरू. क्लिप काढली तर खाली नखाएवढी चीर, आणि पाइपला तेवढ्याच जागी धूळ चिकटून काळी पडलेली. पाइप नवा, क्लिप नवी, सोबत फिल्टरखालचा स्क्रू सोडून साचलेलं पाणीही काढलं.

एक सांगायचं राहिलं. काही ड्रायव्हर चिंधीचा बोळा पेटवून एअर फिल्टरच्या तोंडाशी धरतात, कुणी स्टार्टिंग स्प्रे मारतं. हीटर प्लग असलेल्या गाडीत स्प्रे मारू नका, प्लग लाल असताना तो सिलेंडरमध्ये वेळेआधीच भडकतो. आणि नोझलचे नट ढिले करून कुठलं सिलेंडर मेलंय ते बघायची जी जुनी पद्धत आहे ती फक्त या जुन्या पंपाच्या गाड्यांवर, तीही हात लांब ठेवून. कॉमन रेलच्या, म्हणजे प्रचंड दाबानं डिझेल मारणाऱ्या नव्या गाडीत ते डिझेल कातडी फोडून आत घुसतं.

(दृश्य : तिसरी पहाट. गाडी शेडमध्ये, तोंड चढालाच.)

मुद्दाम जागा बदलली नाही. नाना हीटरची लाईट विझेपर्यंत थांबले, किल्ली फिरवली.

(आवाज : इंजिन पकडतं. चालू राहतं.)

पहिलं मिनिटभर थोडी थरथर आहे, तेवढी या वयात राहणार. मिस्त्रीनं गाडी तापल्यावर स्लोचा स्क्रू मागं घेतला, ८०० वर आणला. तेव्हा त्याला अजून एक सापडलं, टेम्परेचरचा काटा अर्ध्यावर यायला फार वेळ घेतोय, म्हणजे कुणीतरी कधीतरी उन्हाळ्यात गाडी तापते म्हणून थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडं जाऊ न देणारी झडप, काढून फेकलाय. नाना म्हणाले कांदा विकला की बसवू. भाव काय मिळतो बघून.