५० वार रेशीम

१२ सप्टेंबर १९५३. अमेरिकेतल्या न्यूपोर्ट गावी जॅकलिन बुव्हिए आणि तरुण सिनेटर जॉन केनेडी यांचं लग्न लागलं. नवरीच्या गाउनचे फोटो सगळीकडे छापून आले. हस्तिदंती रंगाचं टॅफेटा रेशीम, तेही तब्बल ५० वार! बारीक चुण्यांचा अंगालगत बसलेला वरचा भाग आणि खालच्या प्रचंड घेरावर फिरवलेली चुण्यांची वर्तुळं. गाउन शिवणारीचं नाव मात्र जवळपास कुणीच छापलं नाही.

ते नाव होतं अ‍ॅन लो.

अ‍ॅनचा जन्म १८९८च्या सुमारास अलाबामातल्या क्लेटनचा. आजी गुलामगिरीत जन्मलेली आणि शिवणकामात तरबेज. आईसुद्धा बड्या घरच्या बायकांचे कपडे शिवायची. उरलेल्या चिंध्यांमधून छोटी अ‍ॅन कापडाची फुलं करायची. हीच फुलं पुढे तिच्या कामाची ओळख बनली. १९१४ साली आई गेली, तेव्हा अलाबामाच्या गव्हर्नरच्या पत्नीचे गाउन अर्धवट पडून होते. सोळा वर्षांच्या अ‍ॅननं ते पूर्ण केले.

१९१७ मध्ये ती न्यूयॉर्कला डिझाइन शिकायला गेली. तिथे कृष्णवर्णीय म्हणून तिला वर्गातल्या गोऱ्या मुलींपासून वेगळं बसवलं. ती एकटी बसून शिकली. पुढे फ्लोरिडातल्या टॅम्पा शहरात तिनं स्वतःचं दुकान उभं केलं आणि १९२८ साली न्यूयॉर्क गाठलं. १९४७च्या ऑस्कर सोहळ्यात ऑलिव्हिया डी हॅविलँडनं घातलेला फुलांचा गाउनही अ‍ॅनचाच. त्यावर लेबल मात्र दुसऱ्याचं होतं.

आता पुन्हा १९५३. लग्नाला दहा दिवस उरले असताना अ‍ॅनच्या वर्कशॉपमध्ये पाण्याचा पाइप फुटला. नवरीचा गाउन आणि करवल्यांचे बहुतेक गाउन भिजून वाया गेले. जे काम उभं करायला दोन महिने लागले होते, ते नव्यानं, दिवसांच्या हिशोबात करायचं होतं. तिनं पुन्हा कापड आणलं, जादा माणसं लावली, रात्रंदिवस शिलाई चालली. सातशे डॉलर नफ्याच्या कामात तिला २,२०० डॉलरचा तोटा झाला. झालं काय ते तिनं केनेडींच्या किंवा बुव्हिएंच्या घरी कळवलंसुद्धा नाही. गाउन घेऊन ती न्यूपोर्टला पोचली, तेव्हा तिला मागच्या दारानं यायला सांगण्यात आलं. पुढच्या दारानं घेणार नसाल तर गाउन परत नेते, असं तिनं ठणकावलं. ती पुढच्या दारानंच आत गेली.

असल्या तोट्यांची तिला सवयच होती. श्रीमंत गिऱ्हाइकं भाव पाडून मागायची आणि अ‍ॅन कपड्यात काटकसर करायची नाही. तिचे गाउन आतून बघायला हवेत. जी शिवण कुणाला दिसणार नाही, तिच्या कडांनाही तिनं लेस लावलेली असायची. माझ्या मते तिची खरी कारागिरी तिथेच आहे, आणि तिच्या कर्जाचं एक कारणही तिथेच. १९६२च्या सुमारास थकलेल्या करापायी तिचं दुकान गेलं. काचबिंदूमुळे उजवा डोळाही काढावा लागला. मग कुणीतरी नाव न सांगता तिचं कराचं देणं फेडलं. ते जॅकलिननंच केलं असावं, असं अ‍ॅन शेवटपर्यंत मानत राहिली. डोळा गेल्यावरही ती शिवतच होती.

१९८१ साली ती गेली. लोइस अलेक्झांडर लेन या बाईंनी न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये कृष्णवर्णीय डिझायनरांच्या कामाचं संग्रहालय काढलं होतं. त्यांनी जपलेले अ‍ॅनचे गाउन आज वॉशिंग्टनमध्ये, स्मिथसोनियन या संस्थेच्या आफ्रिकन-अमेरिकन संग्रहालयात आहेत, आणि तिथे ते तिच्याच नावानं मांडले जातात.