टॅनिंगच्या दिव्यांनी भाजलेली त्वचा : पहिले दोन दिवस

मंडळी, म्हापशात आज इथे बसलेल्यांपैकी बऱ्याच जणांची मुलं, भाचरं स्विंडनला, लंडनला आहेत. तिकडे टॅनिंगची दुकानं आहेत. दिव्यांच्या पेटीत काही मिनिटं झोपायचं आणि त्वचा तांबूस करून घ्यायची. मग रात्री फोन येतो, "आई, पाठ लालबुंद झालीय, कपडा लागू देत नाही." आई इथून सांगते, "खोबरेल चोळ." मला बोलायचंय ते या सल्ल्याबद्दल.

तव्याचा चटका लगेच कळतो, हा तसा कळत नाही. पेटीतून उठताना त्वचा बरी दिसते. लाली येते तीन ते सहा तासांनी, आणि दाह शिगेला पोचतो १२ ते २४ तासांत. म्हणजे फोन येतो तेव्हा भाजणं अजून वाढत असतं. अशा तापलेल्या त्वचेवर खोबरेल किंवा भिरंडेल (कोकमाचं तेल) थापलं, की उष्णता आतच कोंडते. तेल नंतर, खपली निघू लागली की लावा.

आधी गार पाणी. दहा-पंधरा मिनिटं, दिवसातून अनेकदा. बर्फ नको, तो त्वचेला आणखी इजा करतो. अंग टिपून घ्या, घासू नका, आणि ओलसर असतानाच बिनवासाचं साधं मॉइश्चरायझर लावा. कोरफडही चालेल, पण पान कापल्यावर निघणारा पिवळा चीक आधी गळू द्या, त्याने आग होते. बधिर करणारी मलमं टाळा, त्यांची ॲलर्जी येऊ शकते. फोड फोडू नका. लिंबू तर मुळीच नको : लिंबाचा रस लागलेल्या त्वचेवर ऊन पडलं की वेगळाच चट्टा उठतो. उर्राकच्या, म्हणजे काजूच्या ताज्या दारूच्या, दिवसांत उन्हात बसून लिंबं पिळणाऱ्यांच्या हातांवर असे डाग पडू शकतात.

पाणी भरपूर प्या. दुखण्यावर पॅरासिटामॉल पुरतं. आयब्युप्रोफेन उपयोगी आहे, पण अल्सर किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर नको. आणि इथे पावसाळ्यात ताप असेल तर डेंग्यू नाही हे कळेपर्यंत नकोच.

डोळ्यांचं मात्र मला खरंच भय वाटतं. डोळ्यांचं रक्षण करणारा खास चष्मा न लावता पेटीत झोपलेल्यांच्या डोळ्यांत काही तासांनी वाळू गेल्यासारखं खुपतं, पाणी वाहतं, उजेड सोसवत नाही. कॉन्टॅक्ट लेन्स काढा, डोळे चोळू नका, डॉक्टरांकडे जा. मोठ्या भागावर फोड, थंडी-ताप, उलट्या, चक्कर, पू, यांपैकी काही दिसलं तरी घरी थांबू नका. इंग्लंडात १११ ला, तिथल्या आरोग्यसेवेच्या सल्ल्याच्या नंबरला, फोन लावता येतो. इथे बांबोळीचं सरकारी इस्पितळ आहे.

फोनवर एक प्रश्न जरूर विचारा : कुठली गोळी चालू आहे? मुरमांसाठी दिली जाणारी डॉक्सिसायक्लिन घेणारी मुलगी थोड्या वेळातही भाजू शकते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २००९ मध्ये या यंत्रांना कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात, म्हणजे माणसाला कर्करोग होतो हे सिद्ध झालेल्यांत, घातलं. इंग्लंडात १८ वर्षांखालच्यांना ती वापरू देणं २०११ पासून बेकायदा आहे. पॅकेजचे पैसे आधीच भरलेत म्हणून मुलगी पुन्हा जायला निघाली, तर तिला सांगा, पैसे गेले तर जाऊ देत.