कारणं न दिलेला निकाल

(सदाशिव पेठेतल्या एका अभ्यासिकेत लॉ सीईटी, म्हणजे कायद्याच्या कोर्सची राज्याची प्रवेशपरीक्षा, देऊन आता प्रवेशाच्या लिस्टची वाट बघणाऱ्या मुलांसमोर एका वकील ताईंनी केलेलं हे बोलणं. रेकॉर्डिंगवरून उतरवलंय, थोडं चाळून घेतलंय.)

बसा बसा, मागच्यांनी खुर्च्या पुढं ओढल्या तरी चालेल. आधी एक सांगा, आत्ता कितीजणांच्या फोनवर सीईटी सेलचं लॉगिन उघडं आहे? हात वर करा, लाजू नका. बघा, निम्मे. आणि उरलेल्यांचं सेशन एक्स्पायर झालंय, एवढंच.

माझ्या भाचीचंही हेच चाललंय. परवा रात्री पावणेदोनला मी पाणी प्यायला उठले तर ही बया स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभी, दिवा बंद, तोंडावर फक्त फोनचा उजेड. म्हटलं, अगं, लिस्ट उद्या संध्याकाळी आहे ना? तर म्हणते, "आत्या, कधीकधी आधीच टाकतात." कोण टाकणारे रात्री पावणेदोनला? पण मी काही बोलले नाही, कारण २००३ साली मी याहून वेडेपणा केलाय.

तेव्हा सीईटी नव्हती, लॉची सीईटी आली २०१६ ला. बारावीचे मार्क, कॉलेजचा फॉर्म, आणि मग नोटीस बोर्डवर लिस्ट. पाच वर्षांच्या कोर्सला मला पुण्यातलं एकच कॉलेज हवं होतं, नाव घेत नाही, त्यांची काही चूक नव्हती. पहिल्या लिस्टला नाव नाही, वेटिंगला ३१ वा नंबर. मग मी रोज स्वारगेटहून पीएमटीनं जायचे आणि बोर्ड बघून परत यायचे. रोज! लिस्ट आठवड्यानं लागणार हे माहीत असूनही. बोर्डाच्या काचेवर बोटांचे डाग पडलेले असायचे, माझ्या नंबरासमोर तर खास, कारण ते मीच पाडलेले. तिथल्या शिपाईमामांनी चौथ्या दिवशी विचारलं, "बाळ, तुझं काही हरवलंय का?"

वेटिंग २७ पर्यंत सरकलं आणि थांबलं. चारजण. चारजणांनी इंजिनिअरिंगला जायचं ठरवलं असतं तर माझं काम झालं असतं, पण नाही ठरवलं त्यांनी.

आता ऐका, माझा मुद्दा इथनं सुरू होतो. घरी येऊन मी काय केलं? रडले, ते ठीक आहे, ते करावंच. पण नंतर मी कारणं लिहायला बसले. मनातल्या मनात हं, पण अगदी मुद्देसूद. मराठी मीडियम म्हणून. वडील एसटीत कंडक्टर म्हणून. फॉर्मवर सही वाकडी आली म्हणून. आणि शेवटचं, मुळात माझ्यात तो दमच नाही म्हणून. आता मला सांगा, यातलं एक तरी कारण त्या बोर्डवर छापलेलं होतं का? बोर्डवर नुसते नंबर होते. २७ वर सीटा संपल्या. तासभर रांगेत उभं राहून आपला नंबर यायच्या आत बाकरवडी संपली तर आपण दुकानदाराला चार शब्द सुनावतो, आपलं खानदान काढत नाही.

वकील झाल्यावर मला कळलं की आम्ही कोर्टात ज्या गोष्टीवरून भांडतो तीच गोष्ट मी तेव्हा स्वतःच्या बाबतीत होऊ दिली होती, कारणं न दिलेला निकाल. आमच्याकडं ऑर्डरला कारणं लागतात. जज नुसतं "फेटाळला" म्हणून उठत नाही, का फेटाळला ते लिहावं लागतं, त्याला आम्ही स्पीकिंग ऑर्डर म्हणतो. आणि हे फक्त कोर्टापुरतं नाही. १९९० साली सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठानं एस. एन. मुखर्जी खटल्यात सांगितलं की निमन्यायिक अधिकार वापरणाऱ्या, म्हणजे कोर्टासारखा निवाडा करणाऱ्या सरकारी अधिकाऱ्यानंही साधारणपणे कारणं नोंदवायला हवीत, कायद्यानंच सूट दिली असेल तर गोष्ट वेगळी. गंमत म्हणजे हे मुखर्जी स्वतः हरले, कारण ते लष्करातले, कोर्ट मार्शलची केस, आणि आर्मी अ‍ॅक्टमध्ये तशी सूट आहे असं कोर्टानं धरलं. म्हणजे कारणांचा नियम ज्याच्या नावानं आपण सांगतो त्याला स्वतःला त्याचा फायदा नाही. असं होतं कायद्यात, सवय करा.

क्लॅट २०२५ आठवतंय ना, नॅशनल लॉ युनिव्हर्सिट्यांची प्रवेशपरीक्षा? परीक्षा झाली १ डिसेंबर २०२४ ला, निकाल आठवड्याभरात. मग आन्सर की चुकलीय म्हणून मुलं वेगवेगळ्या हायकोर्टांत गेली, सुप्रीम कोर्टानं सगळ्या याचिका दिल्ली हायकोर्टाकडं पाठवल्या, तिथला निकाल २३ एप्रिलला, त्यावर परत सुप्रीम कोर्ट, तिथं ७ मे. पाच महिने मुलं लटकलेली. माझ्याकडं एकजण इंटर्नशिपच्या चौकशीला आलेला, बोलता बोलता दर दोन मिनिटांनी फोन उलटा करायचा आणि सुलटा करायचा. पण त्या पोरांना शेवटी एक गोष्ट मिळाली, जी तुम्हाला मिळणार नाही. कुठल्या प्रश्नाचं कुठलं उत्तर बरोबर, कुठलं चूक, आणि का, हे निकालपत्रात एकेक प्रश्न घेऊन लिहिलेलं. तुमच्या कॅपच्या, म्हणजे सीईटी सेलच्या एकत्रित प्रवेशप्रक्रियेच्या लिस्टमध्ये "नॉट अलॉटेड" एवढंच येणार. त्या दोन शब्दांपुढं जी रिकामी जागा असते ना, ती तुम्ही रात्री पावणेदोनला भरायची नाही. तुम्ही लिहाल ती कारणं नेहमी तुमच्याच विरोधात असणार, कारण त्यावेळी तुमच्या बाजूनं बोलायला वकील हजर नसतो.

आता कोणी म्हणेल ताई, मार्क कमी होते हे कारण आहे की. आहे. मान्य आहे. तर मग ते तेवढंच लिहा, "मार्क कमी", पुढं पूर्णविराम. आणि मग वहीत बघा कुठं गेले. आपल्या लॉ सीईटीला निगेटिव्ह मार्किंग नाही, तरी दरवर्षी कोणीतरी मला सांगतं की वेळ संपला म्हणून शेवटचे पंधरा कोरे राहिले. अरे, डोळे झाकून टिक केले असते तरी तीन-चार लागले असते! क्लॅटला चुकीला पाव मार्क जातो, तिथं हात आखडता ठेवणं समजू शकते मी, इथं कशाला? हे झालं खरं कारण. हे पुढच्या वर्षी दुरुस्त होतं. "माझ्यात दम नाही" हे कुठं दुरुस्त करायचं, झेरॉक्सच्या दुकानात?

आणि गेल्या वर्षीचा कटऑफ घेऊन जे बसलेत त्यांच्यासाठी. तो कटऑफ म्हणजे शेवटच्या सीटवर जो बसला त्याचा स्कोर, बास. यंदा सीटा किती, कोणी कसे पसंतीक्रम भरले, किती जणांनी नॅशनल लॉ युनिव्हर्सिटी मिळाली म्हणून सोडलं, यावर तो हलतो. म्हणून ऑप्शन फॉर्म भरताना टेलिग्रामवरच्या दादाचं ऐकून हवं ते कॉलेज खाली ढकलू नका. वरचं नाही मिळालं तर दुसऱ्या पसंतीचा तुमचा हक्क त्यानं कमी होत नाही, तिथंही मेरिटच बघतात. ही चूक मी तीन मुलांची बघितलीय, तिघंही हुशार.

माझी मावसबहीण न्यू जर्सीत असते, तिच्या मुलीचं अमेरिकेत लॉ स्कूलचं चाललंय. तिकडं आधी पदवी, मग एलसॅट ही प्रवेशपरीक्षा, त्याचा स्कोर १२० ते १८०, वर निबंध, शिफारसपत्रं. उत्तरं एकदम येत नाहीत, एकेकाला महिन्यामहिन्यानं, आणि वेटलिस्ट तर पार उन्हाळा संपेपर्यंत ताणतात. निबंधात पोरीनं आजीच्या आजारपणाबद्दल लिहिलेलं. नकार आला तेव्हा फोनवर म्हणाली, "मावशी, त्यांना आजी आवडली नाही का?" मला उत्तर सुचेना. आपल्याकडं निदान नंबराला नकार मिळतो, तिकडं पोरांना वाटतं आपल्या आयुष्यालाच मिळाला.

माझं पुढं काय झालं ते विचारणारच तुम्ही. बीकॉम केलं, मग दुसऱ्या एका कॉलेजातनं तीन वर्षांचं एलएलबी, सकाळचं. शेजारच्या बाकावर पंचेचाळिशीचे एक बँकवाले काका, ते डब्यात रोज गूळपोळी आणायचे. वकिलीची सनद मिळाल्यावर एका कामासाठी त्या पहिल्या कॉलेजात गेले होते. नोटीस बोर्ड तोच, काच बदललेली. शिपाईमामा रिटायर झालेले.

चला, शिवाजीनगर कोर्टात उद्या अकराला माझी तारीख आहे, पण अर्धा तास आहे अजून. प्रश्न विचारा. फक्त "ताई, माझ्या स्कोरला कुठलं मिळेल" हा सोडून.